रेचल कार्सन : न दिसणाऱ्या विषाची ओळख करून देणारी लेखिका



५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या भाषणात रेचल कार्सन यांचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं. डीडीटीविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका, एवढीच ओळख दिली जाते. पण हॉर्मोन बिघडवणारी रसायनं हा जो विषय आजकाल बातम्यांत वारंवार येतो, त्याची सुरुवात शोधत मागे गेलं की आपण याच बाईंपाशी पोहोचतो.

पनवेल परिसरातल्या आपल्यासारख्यांना तर हा विषय अजिबात लांबचा नाही. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला पाताळगंगेच्या काठी रसायनी. रसायनीचं नावच रसायनांवरून पडलेलं. तिथल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कारखान्यात अनेक वर्षं डीडीटी तयार होत होतं. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरची चूल अशा कारखान्यांच्या पगारावर पेटते. म्हणून हा पाठ कारखान्यांना शिव्या देण्यासाठी नाही. एका शास्त्रज्ञ बाईंनी कोणता प्रश्न विचारला, तो विचारताना काय सोसलं आणि आज संशोधन त्या प्रश्नाबद्दल काय सांगतं, हे समजून घेण्यासाठी आहे.

बालपण आणि आई

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. गाव ॲलेघेनी नदीच्या काठी. घराभोवती ६५ एकर जमीन, थोडी झाडं, कोंबड्या, एखाददुसरं जनावर. पैसा मात्र नव्हता. वडील रॉबर्ट यांचा कुठल्याच धंद्यात जम बसला नाही. गावात सरस बनवण्याचा कारखाना होता आणि त्याची दुर्गंधी गावभर पसरायची. पुढे तिथे कोळशावर चालणारी वीज केंद्रंही आली. म्हणजे निसर्ग आणि कारखाना शेजारी शेजारी कसे नांदतात, हे या मुलीने लहानपणापासूनच पाहिलं होतं.

आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर नोकरी सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. त्या रेचलला घेऊन रानात फिरायच्या, पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवायच्या, किडा घरात आला तर त्याला न मारता बाहेर सोडायच्या. रेचलला लिहिण्याचा भारी नाद. अकराव्या वर्षी तिची गोष्ट सेंट निकोलस या मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखक होणार हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

इंग्रजीकडून जीवशास्त्राकडे

१९२५ मध्ये रेचल पेनसिल्व्हेनियाच्या मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाली. फी भरण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या वाढवल्या आणि घरातली चांगली चिनी मातीची भांडी विकली. रेचलचा विषय इंग्रजी होता. पण मेरी स्किंकर नावाच्या बाईंच्या जीवशास्त्राच्या तासाला ती बसली आणि विषयच बदलून टाकला. अनेकांनी वेड्यात काढलं. विज्ञानात बाईला कोण नोकरी देणार, असा तो काळ होता. एका चांगल्या शिक्षिकेमुळे मुलाची दिशा कशी बदलते, याचं हे उदाहरण आपण शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावं.

१९२९ मध्ये पदवी मिळाली. त्या उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत काम करताना तिने समुद्र जवळून पाहिला. समुद्राची ओढ पुढे आयुष्यभर राहिली. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे डॉक्टरेट करायची होती, पण जागतिक मंदीचा काळ, घरात पैसे नाहीत, त्यामुळे शिक्षण सोडावं लागलं. १९३५ मध्ये वडील वारले. दोन वर्षांनी मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारीही रेचल आणि आईवर आली.

सरकारी मत्स्य विभागात त्यांना आधी रेडिओवरच्या कार्यक्रमांचं लेखन मिळालं. मासे आणि पाण्यातले जीव यांवर ५२ छोटे कार्यक्रम. विषय रूक्ष, पण रेचल यांनी ते गोष्टीसारखे लिहिले. १९३६ मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन त्या त्याच विभागात जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या. दिवसभर ऑफिस, रात्री लिखाण आणि घरचा संसार. १९४१ मध्ये पहिलं पुस्तक आलं, पण महिन्याभरात अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तक विकलंच गेलं नाही. १९५१ मध्ये आलेल्या समुद्रावरच्या दुसऱ्या पुस्तकाने मात्र चमत्कार केला. ते ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिलं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जगभर भाषांतरं झाली. १९५२ मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

डीडीटी : तारणारं आणि मारणारं

आता थोडं डीडीटीविषयी. हे रसायन प्रयोगशाळेत १८७४ मध्येच तयार झालं होतं, पण त्याने कीटक मरतात हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात उवांमुळे पसरणारा टायफस ताप आणि डासांमुळे पसरणारा मलेरिया या दोन्हींवर त्याने जीव वाचवले. म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या देशातला हिशोब तर थक्क करणारा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि अंदाजे आठ लाख माणसं दगावायची. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटीची फवारणी झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, डीडीटी मारायला येणारी माणसं आणि भिंतींवर उमटणारा तो पांढरट थर त्यांना आठवत असेल. ही बाजू मुलांना सांगितलीच पाहिजे. नाहीतर डीडीटी म्हणजे नुसता राक्षस, असा सोपा आणि अर्धवट धडा होतो.

प्रश्न पुढे सुरू झाला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत हेच डीडीटी शेतावर, रस्त्यावरच्या झाडांवर, तळ्यांवर, विमानातून गावंच्या गावांवर ओतलं जाऊ लागलं. पोहण्याच्या जागी मुलं खेळत असताना फवारणी व्हायची. मेरीलँडमध्ये डीडीटीचे माशांवर आणि पक्ष्यांवर काय परिणाम होतात याच्या चाचण्या सुरू होत्या. रेचल यांनी १९४५ मध्येच त्यावर लेख लिहायची तयारी रीडर्स डायजेस्टला कळवली होती. मासिकाला तो विषय नको होता.

एक पत्र

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्या घराजवळ पक्ष्यांसाठी राखलेली जागा होती. डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात पक्षी मरून पडू लागले. यावर कोणीतरी काहीतरी करा, अशी तिची मागणी होती. रेचल यांनी आधी दुसऱ्या कोणाला तरी लिहायला सांगून पाहिलं. कोणी तयार होईना. मग स्वतःच हातात घेतलं.

तेव्हा त्यांची घरची परिस्थिती कशी होती बघा. आदल्याच वर्षी एक भाची वारली होती आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला रेचल यांनी दत्तक घेतलं होतं. १९५८ च्या डिसेंबरमध्ये आई गेली. १९६० मध्ये त्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पण आजार नेमका काय आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलंच नाही. खरं कळलं तेव्हा तो पसरला होता. अशा स्थितीत चार वर्षं त्यांनी शेकडो शोधनिबंध वाचले, शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला, प्रत्येक वाक्याचा पुरावा तपासला. पुस्तकाच्या शेवटी नुसती संदर्भांची यादीच ५५ पानांची आहे.

पक्ष्यांनी दिलेले पुरावे

त्यांनी गोळा केलेली तीन उदाहरणं पाचवी-सहावीच्या मुलांनाही समजतील अशी आहेत.

पहिलं मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवाराचं. तिथल्या एल्म झाडांना रोग लागला म्हणून डीडीटी फवारलं. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली. शेकडो रॉबिन होते तिथे काही वर्षांत तीनेक डझन उरले. जे उरले त्यांचीही गंमत बघा. काहींनी घरटी बांधली पण अंडी घातली नाहीत. एक मादी अंड्यांवर २१ दिवस बसून राहिली. एरवी १३ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. त्या अंड्यांतून काहीच आलं नाही.

दुसरं कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्याचं. बारीक माश्यांचा त्रास होतो म्हणून डीडीटीच्याच भावकीतलं डीडीडी हे औषध पाण्यात टाकलं. प्रमाण किती? पाच कोटी भाग पाण्याला एक भाग. कोणालाही वाटेल, एवढ्याने काय होणार. पण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत ते साठलं, त्यांना खाणाऱ्या माशांत त्याहून जास्त आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांत १६०० भाग इतकं सापडलं. म्हणजे पाण्याच्या ८० हजार पट. आपल्या तळ्यात दिसणाऱ्या टिबुकलीच्या मोठ्या चुलत बहिणी म्हणता येतील अशा ग्रीब पक्ष्यांच्या तिथे हजाराहून जास्त जोड्या होत्या. १९६० मध्ये सुमारे ३० उरल्या. त्यांनीही घरटी केली, पण पिल्लू एकही दिसलं नाही.

तिसरं उदाहरण आपल्या विषयाचं खरं मूळ. १९५० मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कोंबड्याच्या नर पिल्लांना डीडीटी दिलं. पिल्लं मेली नाहीत. पण वाढीच्या वयात त्यांचे वृषण नेहमीच्या १८ टक्केच वाढले आणि डोक्यावरचा तुरा एक तृतीयांश राहिला. तुरा वाढतो तो नराच्या हॉर्मोनमुळे. म्हणजे डीडीटी त्या हॉर्मोनच्या कामात आड येत होतं. जीव घेतला नाही, पण कोंबडा पूर्ण कोंबडा झाला नाही.

रेचल यांनी ही नोंद आपल्या पुस्तकात घेतली. यकृतावर या रसायनांचा परिणाम झाला तर शरीरातल्या स्त्री-हॉर्मोनचा तोल जाऊ शकतो, असंही त्यांनी लिहिलं. हॉर्मोन बिघडवणारी रसायनं हा शब्दप्रयोग तेव्हा अस्तित्वातही नव्हता.

हॉर्मोन म्हणजे शाळेतली नोटीस

मुलांना हे समजावताना मी शाळेचंच उदाहरण घेते. हेडमास्तरांच्या ऑफिसातून शिपाईमामा नोटीस घेऊन वर्गावर्गात जातात. कागद एवढासा, पण त्यावर लवकर सुट्टीचं लिहिलेलं असेल तर सगळी शाळा दप्तर भरते. हॉर्मोन म्हणजे शरीरातली अशी नोटीस. थायरॉइड, स्वादुपिंड, अंडाशय, वृषण या ग्रंथी म्हणजे ऑफिसं, आणि रक्त म्हणजे शिपाईमामा. उंची कधी वाढायची, साखर किती ठेवायची, वयात कधी यायचं, बाळाच्या मेंदूची वाढ कशी व्हायची, सगळं या नोटिशींवर चालतं.

आता समजा, बाहेरच्या कोणी हुबेहूब तशीच खोटी नोटीस फिरवली. किंवा खरी नोटीस दारातच अडवली. हॉर्मोन बिघडवणारी रसायनं नेमकं हेच करतात. काही हॉर्मोनची नक्कल करतात, काही त्याची जागा अडवतात, काही ग्रंथींचं काम कमी-जास्त करतात.

यातून दोन गोष्टी मुलांनाही लगेच कळतात. एक, नोटीस छोटी असते, म्हणून खोटी नोटीसही छोटी पुरते. दोन, ती कधी आली याला महत्त्व आहे. मे महिन्यात खोटी नोटीस आली तर कोणाचं काही बिघडत नाही. वार्षिक परीक्षेच्या दिवशी आली तर वर्षाचा गोंधळ. शरीराची अशी परीक्षेची वेळ म्हणजे आईच्या पोटातले नऊ महिने, पहिली काही वर्षं आणि वयात येण्याचा काळ. शेवटची दोन वयं तर आपल्याच वर्गात बसलेली असतात.

सायलेंट स्प्रिंग आणि टीकेचं वादळ

१९६२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात हे लेखन क्रमाने आलं आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी 'सायलेंट स्प्रिंग' पुस्तक प्रसिद्ध झालं. नावाचा अर्थ मुका झालेला वसंत. आपल्याकडे सांगायचं तर मृग तोंडावर आला आणि पावशा ओरडलाच नाही, अशी कल्पना करा.

रसायन कंपन्या खवळल्या. एका कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची भीती घातली. दुसरीने पुस्तकाची टिंगल करणारा लेख काढून वाटला. रेचल यांच्याकडे डॉक्टरेट नाही, त्या भावनेच्या आहारी गेलेल्या बाई आहेत, लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढीची काळजी कशाला, त्या कम्युनिस्ट असतील, असं काय काय बोललं गेलं. त्यांनी मांडलेल्या पुराव्यापेक्षा त्यांच्या बाईपणावर जास्त बोललं गेलं. शाळेत, समाजात काम करणाऱ्या आपल्या भगिनींना हा अनुभव नवा वाटणार नाही.

रेचल यांनी स्वतःचा आजार जगापासून लपवून ठेवला. कर्करोग झाला म्हणून ही बाई रसायनांवर राग काढते, असं विरोधक म्हणतील, ही भीती होती. १९६३ च्या एप्रिलमध्ये सीबीएस वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम झाला. समोर कंपनीचा शास्त्रज्ञ आवाज चढवून बोलत होता आणि या शांतपणे एकेक मुद्दा सांगत होत्या. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान समितीचा अहवाल आला आणि त्याने रेचल यांचं म्हणणं उचलून धरलं. जूनमध्ये त्यांनी सिनेट समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा त्या इतक्या आजारी होत्या की चालणंही अवघड झालं होतं.

आणि त्यांनी मागितलं काय? सगळी कीटकनाशकं बंद करा, असं नाही. रोगराईच्या ठिकाणी विचारपूर्वक वापर करायला त्यांची हरकत नव्हती. अंदाधुंद वापर थांबवा, आधी तपासा, आणि ज्यांच्या घरावर फवारता त्यांना कळू द्या, एवढंच म्हणणं होतं. अतिवापराने किडेच डीडीटीला सरावतील हा इशाराही दिला होता. भारतात मलेरिया पुन्हा उसळला आणि १९७६ मध्ये ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, त्यामागच्या कारणांत डासांचं हे सरावणं हे एक मोठं कारण होतं.

१४ एप्रिल १९६४ रोजी रेचल कार्सन यांचं निधन झालं. वय ५६. रॉजर तेव्हा फक्त बारा वर्षांचा होता.

त्यांच्यानंतर

१९६७ मध्ये इंग्लंडचे डेरेक रॅटक्लिफ यांनी दाखवलं की शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आहेत आणि आई अंड्यावर बसली की अंडं फुटतं. शरीरात डीडीटीपासून बनणारं डीडीई कवचात कॅल्शियम बसण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. तिथला राष्ट्रीय पक्षी बॉल्ड ईगल नामशेष व्हायच्या वाटेवर होता, तो सावरला आणि २००७ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेर आला.

१९९१ मध्ये थिओ कोलबॉर्न या शास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने वेगवेगळ्या विषयांचे संशोधक एकत्र बसले आणि या रसायनांना हॉर्मोन बिघडवणारी म्हणून नाव मिळालं. भारतात १९८९ मध्ये शेतीसाठी डीडीटी बंद झालं, मात्र मलेरिया आणि काळा आजारासाठी चालू राहिलं. अलीकडच्या काळात जगात डीडीटी बनवणारा देश जवळपास एकटा भारतच उरला होता, आणि त्यात आपल्या रसायनीचा वाटा होता.

आपल्या देशातला पुरावाही आहे. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या १० ते १९ वयाच्या मुलग्यांची तपासणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फवारणी झालेल्या गावातल्या मुलांचं वयात येणं लांबलं होतं आणि पुरुष-हॉर्मोनची पातळी तुलनेने कमी होती. कोंबड्याच्या पिल्लांचा प्रयोग आठवला ना? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली.

आजी, आई आणि नात

मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारं संशोधन कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे १९५९ ते १९६७ या काळात, म्हणजे रेचल पुस्तक लिहीत होत्या त्याच वर्षांत, हजारो गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. बार्बरा कोहन आणि सहकाऱ्यांनी त्यातलं डीडीटी मोजलं आणि जन्मलेल्या मुलींचं पुढे काय झालं ते पाहिलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : ज्या आयांच्या रक्तात डीडीटीचा एक प्रकार सर्वांत जास्त होता, त्यांच्या मुलींना बावन्न वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. २०२१ मध्ये त्याच गटाने नातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आजीच्या रक्तात डीडीटी जास्त होतं, त्या नातींमध्ये लठ्ठपणा आणि पाळी लवकर येणं जास्त आढळलं.

नातीपर्यंत हे कसं पोहोचतं? मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात पुढची बीजं तयार होतात. म्हणजे गरोदर आजीच्या शरीरात आई असते आणि आईच्या शरीरात नातीचं बीज असतं. एका फवारणीसमोर तीन पिढ्या उभ्या असतात.

अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो. एखाद्या ठराविक मुलीचा आजार डीडीटीमुळेच झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. आहार, आनुवंशिकता, व्यायाम अशी कारणंही असतात. व्हॉट्सॲपवर घाबरवणारा मेसेज पुढे पाठवण्याआधी हा फरक लक्षात ठेवावा. रेचल यांनी प्रत्येक वाक्य तपासलं होतं, आपण निदान एवढं करू.

डीडीटी आता मागे पडतंय, पण यादी वाढली आहे. कडक प्लास्टिकमधला बिस्फेनॉल ए, प्लास्टिक मऊ करणारे आणि सुगंधी वस्तूंत असणारे थॅलेट, काही कीटकनाशकं. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१३ च्या अहवालाने सुमारे ८०० रसायनं अशी असल्याचं किंवा असण्याचा संशय असल्याचं सांगितलं आणि त्यातल्या थोड्यांचीच नीट तपासणी झाली आहे, असंही नोंदवलं. २०२३ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल ए रोज किती पोटात गेलेलं चालेल ही मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली. कालपर्यंत सुरक्षित म्हटलेली मर्यादा आज एवढी बदलते, म्हणूनच आधी तपासा हे रेचल यांचं म्हणणं आजही लागू आहे.

आपल्या घरात, आपल्या वर्गात

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे दिसले, तेव्हा देशभर बातमी झाली. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून सगळे जागे झाले. हॉर्मोन बिघडवणाऱ्या रसायनांना रंग नाही, वास नाही आणि परिणाम दिसायला पिढी जाते. त्यामुळे माहिती असणं हेच इथे पहिलं संरक्षण आहे.

घाबरून न जाता एवढं नक्की करता येईल :

१. गरम भाजी, चहा, वरण प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात घेऊ नये. उष्णतेने रसायनं लवकर सुटतात. स्टीलचा डबा, स्टीलची बाटली उत्तम.

२. वडापाव, भजी वर्तमानपत्राच्या कागदात नको. अन्नासाठी छापील कागद वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे.

३. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी किंवा धान्यासाठी वापरू नये.

४. घरात फवारणी करताना गरोदर बाई आणि लहान मुलं बाहेर असावीत. कारखान्यातून किंवा शेतातून आल्यावर कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि मग बाळाला घ्यावं.

५. प्लास्टिक जाळू नये. जेवणाआधी हात धुवावेत, कारण घरातली धूळही ही रसायनं वाहते.

वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला अन्नसाखळी शिकवताना क्लिअर लेकचं उदाहरण घेता येईल. मुलांना सूक्ष्म जीव, छोटा मासा, मोठा मासा, पक्षी अशा चिठ्ठ्या द्या. प्रत्येक सूक्ष्म जीवाकडे एक चिंचोका. खाणाऱ्याने खाल्लेल्याचे सगळे चिंचोके घ्यायचे. शेवटी पक्ष्याच्या ओंजळीत किती जमले ते मोजा. पाठ वेगळा सांगावाच लागत नाही. कर्नाळा अभयारण्याची सहल असेल तर तिथे पाच मिनिटं गप्प बसून ऐकू आलेले पक्षी वहीत नोंदवायला सांगा.

मुलांसाठी काही प्रश्न :

१. रेचल यांनी कोणता विषय सोडून जीवशास्त्र घेतलं? कोणामुळे?
२. डीडीटीचा एक फायदा आणि एक तोटा सांगा.
३. पाण्यात एवढं थोडं औषध असूनही पक्ष्यांच्या शरीरात ते जास्त का सापडलं?
४. आपल्या घरात गरम अन्न कोणकोणत्या भांड्यांत ठेवलं जातं? यादी करा.
५. रेचल यांच्यावर टीका झाली तेव्हा त्या कशा वागल्या? तुम्ही काय केलं असतं?

चौथ्या प्रश्नाची यादी पालकांनी मुलांबरोबर बसून करावी ही विनंती. आपल्या भागात कारखाने राहणार आहेत, त्यांतून रोजगारही मिळणार आहे. पण आपल्या पाण्यात, हवेत, डब्यात काय आहे हे विचारणारी मुलं याच भागातून तयार झाली पाहिजेत. त्यातलंच एखादं उद्या त्याच कारखान्यात केमिस्ट होईल आणि नवीन रसायन बाहेर पाठवण्याआधी ते तपासून बघेल.